स्लेडचं प्रदूषण-नियंत्रण: काढून टाकू की साफ करू?

घसरगुंडी | शनिवार, रात्री १०:१२

गेल्या हंगामाच्या शेवटी एक वापरलेली स्नोमोबाइल (बर्फावर पळणारी गाडी, आम्ही तिला स्लेडच म्हणतो) घेतली. २००८ चं मॉडेल, ६०० सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं इंजिन, कार्बोरेटरवालं. दिसायला चकाचक आहे, पण धूर इतका की मागून येणारे मित्र आता माझ्या पुढेच राहतात. जॅकेटला असा वास बसलाय की ते घराबाहेर टांगावं लागतं. सुरुवातीची ओढ झकास, मधल्या गतीलाही तक्रार नाही, पण थ्रॉटल शेवटपर्यंत दाबला तरी आरपीएमचा काटा ६,९०० वर जाऊन बसतो. पुस्तकात ८,००० च्या आसपास दिलंय. पेट्रोलही भसाभसा पिते.

ज्यांना दाखवली ते म्हणाले, "हे सगळं पोल्यूशनचं लफडं आहे. मूळ पाइप आणि मफलर काढून दुसरा टाका, जेट बदला, पळायला लागेल." बॉनेटखाली उत्सर्जन नियंत्रणाचं एक स्टिकर आहे, त्यात नुसतं 'ईएम' लिहिलंय. मी तासभर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शोधत होतो, सापडला नाही. मग ही यंत्रणा आहे तरी कुठे? आणि तिची देखभाल म्हणजे नेमकं काय करायचं?

पाना_नंबर_दहा | शनिवार, रात्री ११:०५

कन्व्हर्टर सापडला नाही, कारण तो तिथे नाहीच. 'ईएम' म्हणजे इंजिनाच्या रचनेतच केलेले बदल. कारसारखा वेगळा डबा शोधू नका. तुमच्या स्लेडमध्ये कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं), प्लग, ऑइल पंप, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ट्यून्ड पाइप आणि या सगळ्यांच्या मधली गास्केटं, हीच ती यंत्रणा. यातलं एक बिघडलं की धूर येतो. वेगळं काढून टाकण्यासारखं त्यात काही नाही.

जरा सविस्तर लिहितो, कारण पाइप काढायचा सल्ला वाचून हात शिवशिवले.

टू-स्ट्रोकचा जन्मजात दोष असा की सिलिंडरमध्ये ताजं मिश्रण शिरतं तेव्हा बाहेर जायचं दारही उघडंच असतं. जळलेला वायू निघतो आणि त्याच्या पाठोपाठ न जळलेलं पेट्रोलही सटकतं. जुन्या कार्बोरेटरवाल्या इंजिनांत पाव हिस्सा इंधन असं वाया जाणं काही नवलाचं नाही. तुमच्या जॅकेटला जो वास येतो तो बराचसा या न जळलेल्या पेट्रोल-ऑइलचाच.

आता तो पोट फुगलेला पाइप बघा. तो तसा फुगीर उगाच नाही. धडाक्याची दाबलाट पाइपात पुढे जाते, निमुळत्या टोकाला आपटून परत फिरते, आणि वेळ जुळली तर दार बंद व्हायच्या आत निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे ताकद देणारा आणि पेट्रोल परत आणून देणारा पाइप एकच. पण ही वेळ ठरावीक आरपीएमच्या पट्ट्यातच जुळते. बाहेर जायच्या दाराची उंची कमी-जास्त करून तो पट्टा रुंद करायचं काम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह करतो. रोटॅक्सवाले त्याला 'रेव्ह' म्हणतात, पोलारिसवाले 'व्हीईएस', आर्क्टिक कॅटवाले 'एपीव्ही'. नावं वेगळी, काम तेच.

तुमची लक्षणं तर पुस्तकातली आहेत. खाली ओढ मस्त आणि वर काटा अडकतो, म्हणजे एक किंवा दोन्ही व्हॉल्व्ह बंद स्थितीत चिकटलेत. उघडे चिकटले असते तर उलट झालं असतं, वर पळाली असती आणि खाली मेल्यासारखी चालली असती. उद्या ते उघडा. पाइपाला हात लावू नका.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११:३१

+१, पण त्याआधी बेल्ट आणि क्लच बघून घ्या की. आरपीएम कमी दिसला म्हणजे इंजिनच आजारी असं नसतं. बेल्टची रुंदी मोजायला पाच मिनिटं लागतात, व्हॉल्व्ह उघडायला अर्धा दिवस.

पाना_नंबर_दहा | शनिवार, रात्री ११:३८

मान्य. पण बेल्टमुळे धूर वाढत नाही. इथे दोन्ही एकदम आहे, म्हणून माझं बोट व्हॉल्व्हकडे.

बिनधास्त_४४ | रविवार, सकाळी ७:५०

एवढं कशाला किचकट करताय. माझ्या स्लेडला मी पहिल्याच वर्षी सिंगल पाइप आणि हलका कॅन (मफलर) लावला. आवाज वाघासारखा, वजन कमी. एक्झॉस्ट तापमानाचा सेन्सर सारखा दिवा लावायचा, त्याची वायरच बाजूला केली. आजवर काही झालेलं नाही. बर्फाच्या रानात कोण येतंय धूर तपासायला?

कलमबहाद्दर | रविवार, सकाळी ९:२०

तपासायला कोणी येत नाही हे खरं. पण निदान अमेरिकेत तरी प्रमाणित स्लेडवरचा उत्सर्जनाशी संबंधित भाग काढणं किंवा निकामी करणं कायद्याला मान्य नाही, मग ते दुकानदाराने करो की मालकाने. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, स्नोमोबाइलसाठीचा नियम २००२ च्या नोव्हेंबरात आला. २००६ मॉडेलपासून निम्म्या गाड्यांना आणि २००७ पासून सगळ्यांना लागू. कंपनीच्या गाड्यांच्या सरासरीला मर्यादा होती प्रत्येक किलोवॅट-तासामागे १०० ग्रॅम हायड्रोकार्बन आणि २७५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड. २०१० पासून हायड्रोकार्बनचा आकडा ७५ वर आला.

धागाकर्त्यांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. २००८ मॉडेलपासून टाकी आणि इंधनाच्या नळ्यांतून झिरपणाऱ्या वाफेलाही मर्यादा आली: टाकीला दर चौरस मीटरला दिवसाला १.५ ग्रॅम, नळीला १५ ग्रॅम. म्हणजे तुमच्या स्लेडची पेट्रोलची नळी साधी रबरी नाही, आत वाफ अडवणारा थर असलेली आहे. ती कडक झाली म्हणून मीटरवर मिळणारी कुठलीही नळी लावली की गाडी चालेल, पण शेडमध्ये पेट्रोलचा वास सुरू होईल. बदलताना त्याच जातीची मागा.

वॉरंटीबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. नियमाने उत्सर्जनाशी संबंधित भागांना किमान ३० महिने किंवा ४,००० किलोमीटर किंवा २०० तास, जे आधी भरेल तोवर हमी द्यावी लागते. तुमची कधीच संपली असणार. पण नवी घेणाऱ्यांनी पुस्तकातलं हमीचं पान फाडून टाकू नये. शिवाय नेहमीची देखभाल कंपनीच्याच दुकानात करायची सक्ती नाही. कुठल्याही मेकॅनिककडे करा किंवा स्वतः करा, फक्त पावत्या आणि तारखा जपा.

बिनधास्त_४४ | रविवार, सकाळी ९:४४

शर्यतीची गाडी आहे माझी. ह. घ्या (हलके घ्या).

पाना_नंबर_दहा | रविवार, सकाळी १०:०२

ह. घेतलं. पण तो दिवा तुमच्या भल्यासाठी लागत होता हो. पाइप बदलल्यावर मिश्रण पातळ झालं की एक्झॉस्टचं तापमान वाढतं, सेन्सर ते ओळखून इंजिनाला आवर घालतो. तुम्ही पहारेकऱ्यालाच घरी पाठवलंत. पिस्टनला भोक पडलं की फोटो टाका, वेगळा धागा काढू.

हिमकण | रविवार, सकाळी १०:४०

वाचतेय, छान चाललंय. एक अडाणी शंका: कार्बन मोनॉक्साइडची एवढी मर्यादा म्हणजे खूप की थोडी? मोकळ्यावर ठीक आहे, पण आमच्याकडे शेडचं दार अर्धं उघडून दहा-दहा मिनिटं इंजिन गरम करतात. मागच्या आठवड्यात माझं डोकं असं ठणकायला लागलं की मी बाहेर येऊन बर्फात बसले.

कलमबहाद्दर | रविवार, सकाळी ११:१५

कागदावर हिशोब करा. इंजिन सरासरी ३० किलोवॅट देत तासभर चाललं आणि मर्यादेच्या काठावर असलं, तर २७५ गुणिले ३०, म्हणजे सव्वाआठ किलो कार्बन मोनॉक्साइड. किलो! शेडमध्ये नुसतं घुरघुरताना ताकद कमी लागते म्हणून आकडा बराच खाली येईल, पण थंड इंजिनाचं मिश्रण दाट असतं आणि जागा बंद. अर्धं दार पुरत नाही. स्लेड बाहेर ढकला आणि मग चालू करा. डोकं ठणकणं ही पहिली सूचना असते, ती अंगावर काढू नका.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात झाली. हिवाळ्यात रांगेने उभ्या स्लेड, प्रवेशद्वारावर धुराचा थर. पुढे तिथे देशभरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कडक अट आली: हायड्रोकार्बन १५ ग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड १२० ग्रॅम. नंतर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा ९० केला आणि आवाजाचीही मर्यादा ७३ डेसिबलवरून ६७ वर आणली. तुमची-माझी कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक तिथे दाराबाहेरच.

घसरगुंडी | रविवार, संध्याकाळी ६:३०

उघडले! हात अजून काळे आहेत, टंकनातल्या चुकांना माफी असावी.

बेल्ट आधी मोजला, मापात आहे (रात्रपाळी, धन्यवाद). मग व्हॉल्व्ह. झाकणाची तारेची क्लिप काढताना खालची स्प्रिंग टुणकन उडाली आणि बाकाखाली गेली. ती शोधण्यात वीस मिनिटं. डावा व्हॉल्व्ह बोटाने ओढल्यावर सरळ बाहेर आला, जरा तेलकट, बस. उजवा जागचा हलेना. कार्बन सुटायचा फवारा मारून तासभर ठेवला, मग लाकडाच्या ठोकळ्याने हलके टकटक करत, थोडा आत थोडा बाहेर असं करत एकदाचा निघाला. पात्याच्या टोकावर डांबरासारखा चकचकीत काळा थर, नखाने निघत नव्हता. त्या खाचेतही तसाच.

आणि मग तो रबरी भाता. वरून धडधाकट दिसत होता. हातात घेऊन ताणला तेव्हा घडीच्या आत नखाएवढी चीर उघडली. सोडला की चीर गायब! झाकणाच्या छोट्या भोकाभोवती तेल ओघळलेलं होतं, ते याच्यामुळेच का?

पाना_नंबर_दहा | रविवार, संध्याकाळी ७:१०

अगदी त्याच्यामुळेच. तुमच्या प्रकारात एक्झॉस्टचा दाब त्या भात्यात शिरतो, भाता फुगतो आणि स्प्रिंगच्या विरुद्ध पात्याला वर उचलतो. चिरेतून दाब निसटला की पातं उठत नाही. उठत नाही म्हणून एकाच जागी कार्बन धरतं, आणि कार्बन धरला की नवा भाता घालूनही उठत नाही. दोन्ही कामं एकदम करावी लागतात. नुसता भाता बदलून "फरक पडला नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

आता साफ करताना घाई नको. पितळी किंवा प्लास्टिकचा ब्रश आणि फवारा. पॉलिश पेपर, ग्राइंडर, पोलादी ब्रश यातलं काही पात्याला लावायचं नाही, ओरखड्यात कार्बन आणखी पटकन बसतो. डाव्याचा डावा आणि उजव्याचा उजवा ठेवा. पात्याचं टोक सिलिंडरच्या गोलाईप्रमाणे तासलेलं असतं. ते उलटं घातलं तर बसतं, पण पिस्टनला लागतं. म्हणून बसवल्यावर प्लग काढून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. कुठे खट्ट वाजलं तर थांबा. झाकणावर फिरवायची टोपी असेल तर ती स्प्रिंगचा ताण ठरवते, पुस्तकात सांगितलंय तिथेच ठेवा.

एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह साफ आणि दुसऱ्याचा डांबरी, याचं समाधान भात्याने झालं. पण एकूण कार्बन एवढा का? ऑइल कुठलं घालता?

घसरगुंडी | रविवार, संध्याकाळी ७:२६

आधीच्या मालकाने अर्धा कॅन दिला होता तेच. वर बोटीचं चित्र आहे. आता विचारलंत तर लाज वाटतेय.

टूस्ट्रोक_आजोबा | रविवार, रात्री ८:०५

लाज कसली, वाईट ऑइल नव्हे ते, चुकीच्या घरात आलंय. टीसी-डब्ल्यू३ शिक्क्याचं ऑइल बोटीच्या इंजिनासाठी बनतं, ती इंजिनं सतत गार पाण्यावर चालतात. स्लेडचं इंजिन जास्त तापतं, जास्त फिरतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवाल्या इंजिनाला कमी राख सोडणारं, स्वच्छ जळणारं सिंथेटिक द्या. डब्यावर जासो या जपानी मानकाचा 'एफडी' किंवा आयएसओचा 'ईजीडी' शिक्का बघा, आणि कंपनीने पुस्तकात जे सांगितलंय ते सगळ्यांत वर.

दुसरं, ऑइल पंपाच्या खुणा जुळवल्यात का? पंपाच्या दांडीवर एक रेघ असते आणि अंगावर एक. थ्रॉटलच्या केबलची ढील घेतली की दोन्ही समोरासमोर यायला हव्यात. लोक थ्रॉटल केबल ताणतात आणि पंपाला विसरतात. काही महाभाग तर "इंजिन जास्त जगेल" म्हणून मुद्दाम पुढे सरकवून ठेवतात. अहो, जास्तीचं ऑइल इंजिन पीत नाही, ते पाइपात जाऊन बसतं आणि जॅकेटवर येतं. उलट बाजूला सरकली रेघ तर मात्र इंजिन धरेल, म्हणून अंदाजपंचे काही करू नका.

कोरडा_सम्प | रविवार, रात्री ८:४०

फोर-स्ट्रोकवाल्यांनी खुश होऊन बसू नये म्हणून थोडं अवांतर.

आमच्याकडे ऑइल जळत नाही, तरी मागच्या वर्षी माझ्या स्लेडने असा निळा धूर काढला की वाटलं रिंग गेल्या. झालं होतं असं: इंजिनाला ड्राय सम्प आहे, ऑइल वेगळ्या टाकीत राहतं. रात्रभर उभी राहिली की ते हळूहळू खाली इंजिनात उतरतं. सकाळी गार इंजिनावर कांडी बघितली, कोरडी. घातलं अर्धा लिटर. चार दिवसांनी पुन्हा तेच. प्रत्यक्षात ऑइल होतंच, मीच वर ओतत होतो. इंजिन फिरल्यावर जास्तीचं ऑइल क्रॅंककेसच्या श्वासनळीतून एअरबॉक्समध्ये (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या डब्यात) आलं आणि तिथून सिलिंडरमध्ये. ही श्वासनळी उत्सर्जन यंत्रणेचाच भाग आहे, रिंगांच्या फटीतून निसटलेला वायू बाहेर न सोडता परत जाळायला नेते. एअरबॉक्स उघडला तर तळाशी तळं. ऑइल इंजिन गरम करून, पुस्तकात दिलेल्या पद्धतीनेच बघायचं, हे शिकायला एक हंगाम गेला.

त्याच नळीचा दुसरा खेळ कडाक्याच्या थंडीत. छोट्या-छोट्या फेऱ्या मारल्या तर ऑइलमधली वाफ उडून जात नाही, टोपणाच्या आत दुधाळ पिवळा चिकटा धरतो आणि नळीत पाणी साचून गोठतं. श्वास कोंडला की ऑइल सील फोडून बाहेर येतं. अधूनमधून लांब फेरी मारून इंजिन नीट तापवणं हीच त्यावरची देखभाल.

रात्रपाळी | रविवार, रात्री ९:१५

जेटचा विषय राहिला. धागाकर्त्याला "जेट बदला" असं सरसकट सांगितलं गेलं, ते चुकीचं आहे, पण जेट बघायला हवेत हे खरं. शून्यापेक्षा उणे ३० ला हवा साधारण १२ टक्के दाट असते. उलट समुद्रसपाटीपेक्षा ३,००० मीटरवर ती जवळपास पाव हिस्सा विरळ. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही, तो भोकातून येईल तेवढं पेट्रोल देतो. स्लेड आधी कुठल्या उंचीवर चालायची? सखल भागातली डोंगरावर नेली तर मिश्रण दाट, धूर आणि काजळी. डोंगरातली खाली आणली तर पातळ, आणि मग पिस्टनची खैर नाही. एअरबॉक्सच्या झाकणावर किंवा पुस्तकात तापमान आणि उंचीचा तक्ता असतो, त्यात बसेल तेच जेट. पूर्ण थ्रॉटलवर थोडं चालवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग बघा: कॉफी-तपकिरी हवा. काळा ओला म्हणजे दाट, पांढरा म्हणजे धोका.

इंजेक्शनवाल्या गाड्यांना हे काम नाही, त्यांचे सेन्सर ते करतात. तिथे फक्त सेन्सरचे कनेक्टर स्वच्छ आणि बॅटरी धड ठेवायची.

हिमकण | रविवार, रात्री ९:४०

पांढरा प्लग म्हणजे स्वच्छ, असं समजून मी गेल्या वर्षी खुश झाले होते. उद्या सकाळी पहिलं काम तेच.

पाना_नंबर_दहा | रविवार, रात्री ९:५२

हिमकण, उद्यापर्यंत चालवू नका. आधी कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबरी बूट बघा, तडा गेला असला की तिथून फुकटची हवा शिरते. मग रीडच्या, म्हणजे आत शिरणारं मिश्रण मागे जाऊ न देणाऱ्या झडपेच्या, पाकळ्यांची टोकं. तिथे काही नसेल तर कुणाकडून गळती चाचणी करून घ्या: आत-बाहेरची दारं बंद करून ६ पीएसआय दाबाची हवा भरायची आणि काटा टिकतो का बघायचं. साबणाचं पाणी क्रॅंकच्या सीलपाशी फेसाळलं की चोर सापडला. सीलमधून हवा शिरते तेव्हा कितीही मोठे जेट घातले तरी उपयोग नसतो.

घसरगुंडी | पुढचा शनिवार, दुपारी ४:२०

हिशोब देतो.

दोन्ही भाते नवे, दोन्ही पाती साफ. ऑइल पंपाची रेघ चांगली दोन-तीन मिलिमीटर पुढे होती, जुळवली. पंपाच्या नळीतली हवाही काढली. टाकीतलं बोटवालं ऑइल उपसून नवं भरलं. जेट तक्त्याप्रमाणे बरोबर निघाले, म्हणजे ज्यांनी बदलायला सांगितलं त्यांनी ते उघडूनही बघितले नव्हते. पाइप आणि वाय-पाइप (दोन्ही सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा तुकडा) यांच्या सांध्यावर काजळीचा पंखा उमटला होता, एक स्प्रिंग तुटलेली. गास्केट आणि स्प्रिंग बदलली.

आणि कळस: एअरबॉक्समध्ये उंदराचं घरटं. बसायच्या गादीतला फोम, गवत, बिया, सगळं नीट रचलेलं. अर्धा मार्ग बंद. एवढ्या कमी हवेत मिश्रण दाट होणारच होतं. मफलरमध्येही डोकावलो, तिथे फक्त मूठभर टरफलं.

आज चालवली. काटा ७,८५० ला गेला. गार असताना दोन मिनिटं धूर येतो, मग पुसट. तेवढ्याच फेरीला पेट्रोल किती लागलं ते पुढच्या वेळी मोजून सांगेन. जॅकेट आज घरात आहे.

टूस्ट्रोक_आजोबा | शनिवार, संध्याकाळी ५:०२

झकास. हंगाम संपला की इंधनात स्टॅबिलायझर टाकून पाच-दहा मिनिटं चालवा, कार्बोरेटरचे प्याले रिकामे करा, इंजिनाला फॉगिंग ऑइल (आतून गंज धरू नये म्हणून फवारायचं तेल) द्या. एअरबॉक्सच्या तोंडाला आणि मफलरला कापडाचा बोळा. आणि त्या बोळ्याला लाल चिंधी बांधून ती हॅंडलपर्यंत आणून ठेवा. मी एकदा बोळा काढायला विसरलो होतो, अर्धा तास दोरी ओढली.

घसरगुंडी | शनिवार, संध्याकाळी ५:१८

ठेवतो. एक बारीक शंका: डाव्या झाकणाच्या भोकातून आज तेलाचा एक थेंब आला. भाता तर नवा आहे.

पाना_नंबर_दहा | शनिवार, संध्याकाळी ५:२५

भात्याच्या खालच्या कडेवरची गोल स्प्रिंग खाचेत पूर्ण बसली आहे का ते बघा. बहुतेक एका बाजूने वर राहिली असेल. इंजिन गार झाल्यावर उघडा, आणि या वेळी ती उडणारी स्प्रिंग फडक्याखाली धरा.